मालकानं शेजारीच बसायचं

आमच्या क्लबातले किस्से मी मुद्दाम गोळा केलेले नाहीत. ते माझ्याकडे साठले याला क्लबाचा एक नियम जबाबदार आहे! मी लोकांच्या कार्बाइन्स घासूनपुसून ट्यून करून देते. आणि नियम असा, की बंदूक मालकाच्या नजरेआड होता कामा नये. 'ठेवून जा, संध्याकाळी घेऊन जा' हा प्रकारच नाही. काम संपेपर्यंत मालकानं माझ्या शेजारी स्टुलावर बसायचं. आता माणूस दोन तास स्टुलावर बसलाय, हातात चहाचा मग आहे, खाणीत मोबाइलला सिग्नल नाही, तर तो करणार काय? बोलणार!

हो, खाणीतच. ब्रिस्टलहून कार्डिफकडे निघालात की सेव्हर्नच्या पुलाच्या अलीकडे एक जुनी दगडखाण आहे, तिथे आमची नेमबाजीची रेंज. या देशात साध्या माणसाला पिस्तूल ठेवता येत नाही. मग लोकांनी काढलेली तोड म्हणजे ही कार्बाइन. काडतूस पिस्तुलाचं, नळी लांब, आणि दर गोळीनंतर खालचा लिव्हर हातानं पुढे ढकलून मागे ओढायचा. काउबॉयच्या सिनेमात असते ना, तशी. पंचवीस मीटरवर कागदी टार्गेट आणि वर घड्याळ लावलेलं. लिव्हर अडखळला की सेकंद गेले, सेकंद गेले की मॅच गेली. म्हणून हे ट्यूनिंगचं वेड.

मी सुषमा, मूळची मिरजेची. ब्रिस्टलमध्ये डेंटल टेक्निशियन आहे. पंचवीस वर्षं लोकांच्या दातांच्या कॅपा बनवतेय. 'तुझा नि बंदुकीचा काय संबंध?' असं माझी आई अजून दर रविवारी फोनवर विचारते.

*

संबंध जुळला तो गॅरेथमुळे. गॅरेथनं आयुष्यभर बसगाड्या दुरुस्त केल्या, आता रिटायर आहे. मी क्लबात नवीन होते तेव्हा एकदा तो बाकावर बसून लिव्हर खालीवर करत होता आणि दर खेपेला एक शिवी हासडत होता. तो खर्र खर्र आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

म्हटलं, "गॅरेथ, दातावर कॅप वाकडी बसली की असंच वाटतं बघ."

"मग सरळ बसव की!"

पुढच्या शनिवारी मी माझं पॉलिशिंगचं जुनं सामान घेऊन गेले. रबरी चाकं, फेल्ट, पेस्ट. आतले एकमेकांवर घासणारे भाग दाढेसारखे हलक्या हातानं गुळगुळीत केले. लिव्हर असा सरकायला लागला की गॅरेथ पाच मिनिटं नुसता तो हलवत बसला. मग अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "सहा महिन्यांनी चेकअपला आणू का?"

"आण. आणि रोज फ्लॉस कर!"

तेव्हापासून क्लबात कुणी 'बंदूक दाखवायचीय' म्हणत नाही. सगळे माझी अपॉइंटमेंट घेतात.

*

माझ्या बंदुकीच्या सर्टिफिकेटच्या वेळी पोलिसांकडून एक ऑफिसर घरी आले. इथे तशी पद्धतच आहे. घर बघतात, लोखंडी कपाट भिंतीला नीट बसवलंय का बघतात, प्रश्न विचारतात. कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात हे मालकाशिवाय घरातही कुणाला ठाऊक असता कामा नये. मी चहा केला, चिवडा ठेवला. माणूस सज्जन होता, पण काम चोख.

त्यांनी माझ्या नवऱ्याला, अनिलला विचारलं, "कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात, तुम्हाला माहीत आहे?"

अनिल म्हणाला, "साहेब, या घरात चिवड्याचा डबा कुठे असतो तेही मला माहीत नाही."

ऑफिसरनी वहीत काहीतरी लिहिलं, चिवड्याचा आणखी एक घास घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "व्हेरी गुड. असंच चालू ठेवा."

*

आमची रेंज ऑफिसर मॉरीन. वय अठ्ठ्याहत्तर, प्राथमिक शाळेतली रिटायर्ड शिक्षिका. तिनं 'स्टॉप' म्हटलं की खाणीवरचे कावळेसुद्धा गप्प बसतात. लोक टार्गेटकडे चालत गेलेले असताना मागे कुणी बंदुकीला बोट लावायचं नाही, हा सगळ्यात मोठा नियम. एकदा एका महाशयांनी बंदुकीवरची धूळ झटकायला म्हणून हात पुढे केला. बंदूक रिकामी होती, उघडी होती, कशाचा धोका नव्हता. मॉरीननं त्यांना तिथल्या तिथे मॅचमधून काढलं.

ते महाशय म्हणजे तिचा नवरा डेरेक!

आम्ही घाबरून बघत होतो, आता यांचं घरी कसं होणार. काही झालं नाही. संध्याकाळी मॉरीननं गाडी काढली. डेरेक आपणहून मागच्या सीटवर जाऊन बसला.

*

रिया इथेच जन्मलेली, तीस वर्षांची, विमानांच्या कारखान्यात इंजिनियर. पोरगी गोड, पण हिला प्रत्येक गोष्टीचं स्प्रेडशीट लागतं. स्प्रिंग बदलली, लिही. दस्ता दोन मिलिमीटर लांब केला, लिही. एका हिवाळ्यात तिनं कार्बाइनमध्ये अकरा बदल केले. मी पॉलिश करत बसले आणि ही शेजारच्या स्टुलावर लॅपटॉप उघडून.

मार्चच्या मॅचला आली ती ऐटीत. "मावशी, माझी कार्बाइन आता एकदम परफेक्ट झाली आहे!"

म्हटलं, "झाली ना? मग दाखव करून."

लायनीवर उभी राहिली, गॉगल लावला, कानावर इअरमफ चढवले, पेटी उघडली. आणि खिसे चाचपायला लागली. मग बॅग. मग परत खिसे.

काडतुसं घरी!

"रिया," गॅरेथ म्हणाला, "स्प्रेडशीटमध्ये त्याची एक ओळ टाक."

*

आता डॉक्टर हर्डीकर. कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये तीस वर्षं हाडांचे सर्जन, रिटायर झाल्यावर मुलीजवळ ब्रिस्टलला आले. वय चौऱ्याहत्तर. क्लबात मी त्यांना 'डॉक्टर' म्हणते, ते मला 'सुषमाताई'.

गेल्या उन्हाळ्यात कार्बाइन घेऊन स्टुलावर येऊन बसले. "सुषमाताई, हिच्यात काहीतरी दोष आलाय. गोळ्या पसरताहेत."

मी चाप बघितला, उत्तम. लिव्हर लोण्यासारखा. स्प्रिंग बदलली, नेम धरायची साइट घट्ट केली, तीन शनिवार खपले. चौथ्या शनिवारी त्यांनी चहाचा मग उचलला आणि चहा मगाबाहेर सांडला. मी फडकं घेऊन तो पुसला.

मग तेच म्हणाले, "दोष बंदुकीत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण वाईट बातमी पेशंटला एकदम सांगायची नसते."

"पेशंट कोण, डॉक्टर?"

"तुम्ही! किती मन लावून शोधत होतात."

मला हसावं की रडावं कळेना. हात थरथरतो, बाकी तब्येत ठणठणीत, त्यांच्या जीपीनंही, म्हणजे फॅमिली डॉक्टरनंही, तसंच लिहून दिलंय. पण त्यांनी आपलं ठरवून टाकलं होतं. ऑक्टोबरात कार्डिफच्या क्लबाशी मॅच असते. शेवटच्या फेरीत बारा गोळ्या, एकशेवीसपैकी मार्क. "शंभराच्या खाली गेलो तर कार्बाइन विकणार. कधी थांबायचं हे दुसऱ्यानं सांगेपर्यंत सर्जननं वाट बघू नये. ऑपरेशनं मी अशीच सोडली."

मी म्हटलं ठीक. पण जाताना त्यांची बायको, वसुधावहिनी, मला गाडीपाशी बाजूला घेऊन गेल्या.

"ऑपरेशनं सोडल्यावर सहा महिने हा माणूस खिडकीत बसून होता गं. जेवायला हाक मारली तर यायचा, बाकी शब्द नाही. या क्लबानं मला माझा नवरा परत दिला. सुषमा, काहीही कर, पण ती कार्बाइन घरातून जाऊ देऊ नकोस."

*

झालं! सगळा क्लब कामाला लागला. गॅरेथनं नळीच्या पुढच्या टोकाला वजन बसवलं, म्हणजे हात कमी हलेल. वहिनींनी लिव्हरला आतून मऊ चामडं शिवून दिलं. रियानं महिनाभर आकडेमोड केली.

तरी स्कोअर अठ्ठ्याऐंशी. पुढच्या खेपेला एक्क्याण्णव.

मग एकदा मी सहज त्यांची कार्बाइन खांद्याला लावून बघितली. वर रेड डॉट होता, म्हणजे नेम धरायची इलेक्ट्रॉनिक काच. त्यातला लाल ठिपका टार्गेटवर कसा नाचतो ते दिसलं आणि माझी ट्यूब पेटली. अहो, या ठिपक्यामुळे त्यांना आपला हात थरथरताना दर सेकंदाला दिसतोय! दिसला की ते घाबरतात, घाबरले की चाप हिसडतात. मी म्हटलं, "डॉक्टर, काढा हे. साधी गोल रिंगवाली साइट लावू."

लावली. त्याच दिवशी शहाण्णव!

"वा," डॉक्टर म्हणाले, "लक्षण दिसेनासं झालं की पेशंट निम्मा बरा होतो. हे तुम्ही डेंटिस्ट्रीत शिकलात?"

"नाही. दातदुखीवाल्याला आरसा द्यायचा नसतो, एवढंच शिकलेय."

*

मधेच कार्डिफच्या कॅप्टनचं सांगते. हाव नावाचा माणूस, दरवर्षी आम्हाला हरवतो. गुडघा टेकून नेम धरायच्या फेरीत तर त्याला तोड नाही. आणि तो गुडघा कुणी बसवलाय? आमच्या डॉक्टरांनी! हाव दर मॅचला त्यांच्यासमोर दोनदा उठाबशा काढून दाखवतो.

गॅरेथ एकदा वैतागून म्हणाला, "डॉक्टर, जरा ढिला बसवता आला नाही?"

"मला काय माहीत," डॉक्टर म्हणाले, "की मी पुढे तुमच्या टीममध्ये येणार आहे!"

*

ऑक्टोबरचा शनिवार. शेवटची फेरी. लायनीवर आम्ही चौघं शेजारीशेजारी: मी, डॉक्टर, गॅरेथ आणि रिया. मागे वहिनी, हातात थर्मास धरून, झाकण न उघडता.

गोळ्या सुरू झाल्या. माझ्या अकरा झाल्या, सगळ्या चांगल्या. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला डॉक्टरांची नळी दिसत होती. हलत होती. वहिनींचा चेहरा आठवला. आणि आता जे सांगते ते मी अनिललाही सांगितलेलं नाही. मी बारावी गोळी झाडायच्या आधी नळी जराशी उजवीकडे वळवली. नेम धरला तो डॉक्टरांच्या टार्गेटच्या मधोमध.

कुणाला काय कळतंय!

मॉरीननं बंदुका तपासल्या आणि आम्ही पुढे गेलो. डॉक्टरांच्या टार्गेटसमोर ती थांबली. पेनानं एकेक भोक मोजलं. परत मोजलं.

"डॉक्टर, किती झाडल्या?"

"बारा."

"पंधरा भोकं आहेत."

 मी तर एकच झाडली होती! वळून बघितलं तर गॅरेथ आभाळाकडे बघत होता आणि रिया वाकून बुटाची लेस बांधत होती. तिच्या बुटाला लेसच नाही, वेल्क्रोची पट्टी आहे.

मॉरीन माझ्या टार्गेटकडे गेली. अकरा. गॅरेथचं, अकरा. रियाचं, अकरा. चष्म्यावरून तिनं आम्हा तिघांकडे असं बघितलं की मला शाळेतला पट्टीचा मार आठवला.

"नियम माहीत आहे ना? जितकी भोकं जास्त, तितकी सगळ्यात चांगली भोकं मोजायची नाहीत."

आणि तिनं तीन दहा खोडले. तीनही दहा! अरे देवा, आम्ही मदत करायला गेलो आणि माणसाला बुडवलं! रियानं माझा हात घट्ट धरला. वहिनी थर्मास घेऊन पुढे आल्या होत्या. मॉरीन पुटपुटत बेरीज करत होती आणि मला तिच्या ओठांवरून काही कळत नव्हतं.

"एकशे दोन," ती म्हणाली.

वहिनी तिथेच खडीवर बसल्या आणि रडायला लागल्या. गॅरेथ नाक शिंकरत होता. माझंही तेच.

मॅच आम्ही हरलो. अकरा पॉइंटांनी. आमचे तिघांचे मिळून तीसेक गेले होते, हिशेब तुम्हीच करा. हावनं कप उचलला, दोन उठाबशा काढल्या आणि म्हणाला, "डॉक्टर, तुमची टीम भयंकर आहे हो!"

डॉक्टर अजून त्या कागदापाशीच उभे होते. एकेका भोकावरून बोट फिरवत होते. बोट थरथरत होतं, पण लपवत नव्हते.

"ऑपरेशन झालं की आम्ही बोळे मोजायचो," ते म्हणाले. "एक कमी भरला तर जखम परत उघडायची. तीन जास्त भरले तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नाही."

आम्ही तिघंही आपापल्या बुटांकडे बघत होतो.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. "मग? विकायची का कार्बाइन?"

"आता कसली विकतेस!" डॉक्टर म्हणाले. "या तिघांना अजून आपलं टार्गेट कुठलं तेसुद्धा कळत नाही. यांना असं वाऱ्यावर सोडून जाऊ?"