इंदुबाईची किडनी जाग्यावर हाय

इंदुकाकी रोह्याहून तपासणी करून परतायच्या आधीच आमच्या गडब गावात बातमी पसरली होती. "इंदुबाईची किडनी गेली! कोलेस्टेरॉलची गोळी भोवली," विठू दुकानदार गिऱ्हाइकागणिक सांगत होता. 'गेली' म्हणताना हात असा उडवायचा, जशी काय किडनी एसटीत बसूनच गेली.

गेली-बिली नव्हती. जुना डायबेटिस, त्यात लघवीतून प्रथिनं जायला लागलेली. पण काकी हादरली होती ती खरी. सख्ख्या बहिणीला तिनं डायलिसिसवर पाहिलं होतं. म्हणून विठूचं ऐकून तिनं कोलेस्टेरॉलची गोळी गुपचूप सोडली. सून मनालीला कळलं, तशी ती सासूला घेऊन परत थेट रोह्याच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली.

बाईंनी औषधांची पिशवी पालथी करायला लावली. तळातून एक चुरगळलेली पट्टी पडली.

"ही कसली?"

"गुडघ्याची. विठूकडं मिळते. गुणाची हाय, घेतली की लगेच कळतं. ती कोलेस्टेरॉलची खाल्ली काय नि नाय खाल्ली काय, सारखंच."

"काकी, तुमच्या किडनीला भीती आहे ती या दुखीच्या गोळीची. रोज घेताय ना? ती आधी बंद. कोलेस्टेरॉलची गोळी किडनी खात नाही. डायबेटिस, त्यात किडनी नाजूक, म्हणजे हार्ट अटॅकचा धोका जास्त. त्यापासून ती जपते. आवाज न करता."

"आवाज न करता काम?" काकीनं मनालीकडं पाहिलं. "शिक गो काहीतरी."

"आई, गोळीला सासू नसते."

हसता हसता काकीनं पदर डोळ्यांना लावला.

भाताची लावणी तोंडावर आलेली. चिखलात वाकलं की गुडघा पेटतो, आणि विठूची गोळ्यांची बरणी हाकेच्या अंतरावर. मी तिची शेजारीण, म्हटलं, "काकी, पैज! दोन दिवसांत दुकानाच्या पायरीवर दिसशील."

"नाय दिसले तर?"

"सांगशील ते करीन."

लावणीभर ती बांधावर बसून गुडघा शेकायची, कण्हायची, गुडघ्याला नि विठूला एकाच दमात शिव्या घालायची. पायरी काही चढली नाही. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र जेवण झालं की न चुकता. पुढच्या तपासणीत लघवीतली प्रथिनं कमी आली.

मग तिनं पैज वसूल केली. भर गर्दीत, विठूच्या दुकानासमोर, तिच्याच आवाजात मला ओरडावं लागलं, "ऐका रं! इंदुबाईची किडनी जाग्यावर हाय!"

काकी शेजारी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"मेले, मी इतकी हळू बोलते व्हय? परत बोल!"