नैऋत्येचा वूफर

दिवाळीच्या आसपास कूलर बंद होतात आणि आपले शेजारी दिवसभर काय करतात, हे नागपूरच्या माणसाला कळायला लागतं. उन्हाळाभर त्या घरघरीखाली सगळी इमारत सुखानं बहिरी असते. घरघर थांबली की कोणाचा मिक्सर, कोणाची खुर्ची, कोणाचा खोकला, सगळं कागदोपत्री नोंदवल्यासारखं स्वच्छ ऐकू येतं.

हुडकेश्वरच्या आमच्या इमारतीत त्या वर्षी मला कळलं ते असं, की वरच्या मजल्यावर सबवूफर आला आहे आणि तो सकाळी साडेसहाला भजन म्हणतो. म्हणजे भजन छोट्या स्पीकरमधून यायचं. त्यातले शब्द वरच राहायचे, भक्तीही वरच राहायची. स्लॅबमधून खाली उतरायचा तो फक्त ठोका. धुप्प, धुप्प, मग एक लांब हुंकार, पुन्हा धुप्प. कपाटाची काच त्याला साथ द्यायची.

मला एकट्याला त्रास असता तर मी दोन-चार वर्षं कुरकुरून गप्प बसलो असतो; तेवढी तयारी आहे. पण साडेसहा ते आठ हा माझ्या बायकोच्या रियाजाचा वेळ होता. लग्नाआधी गाण्याची शेवटची परीक्षा तिची राहून गेली होती. मग नोकरी, मुलं, सासूबाई. निवृत्त झाल्यावर तिनं नंदनवनमध्ये एका बाईंकडे पुन्हा शिकायला सुरुवात केली आणि एकोणसाठाव्या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरला. परीक्षा फेब्रुवारीत होती. सकाळी मोबाइलवर तंबोरा लावून ती खर्ज लावायची, म्हणजे खालचा सा बराच वेळ धरून ठेवायची. वरच्या वूफरचा हुंकारही नेमका त्याच भागात, पण तिच्या ‘सा’हून किंचित खाली. अर्ध्या सुराचं भांडण. पाच मिनिटांत तिचा आवाज नकळत घसरून वूफरला जाऊन मिळायचा, आणि ते लक्षात आलं की ती थांबायची. पुन्हा सुरुवात. पुन्हा थांबणं.

"समोरच्या खोलीत बस," मी म्हणालो.

"तिथे कचरागाडी गाते."

"मग?"

"तुमची खोली शांत आहे."

माझी खोली म्हणजे वायव्येची, पुस्तकांची. सकाळी मी तिथे पेपर वाचतो. मी तिला सांगितलं की पुस्तकांमुळे आवाज बसतो, गाण्याला मोकळी भिंत बरी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विषय सोडला. तो तिनं का सोडला हे मला तेव्हाही कळलं होतं.

वरचे गृहस्थ सरकारी खात्यातले निवृत्त अभियंता. मूळचे रामटेककडचे, अजून शेती आहे आणि धान निघालं की दरवर्षी आमच्याकडे तांदळाची पिशवी येते. अशा माणसाविरुद्ध, त्यातही भजनाविरुद्ध, तक्रार घेऊन जाणं सोपं नसतं. तरी गेलो.

"या जी, या! वूफर पाहाले आले का?" त्यांनी मला थेट दक्षिण-पश्चिम कोपऱ्यात नेलं, बायकोच्या रियाजाच्या खोलीच्या बरोबर वर. काळी चौकोनी पेटी, तिच्यावर हळदीकुंकू, झेंडूचं सुकलेलं फूल. दसऱ्याला अवजारांबरोबर तिचीही पूजा झाली होती. "पोरानं पुण्याहून पाठवला. चप्पल काढून उभे राहा बरं इथं. पायाले समजते का? समजते न?"

"खाली जास्त समजतं," मी म्हणालो.

ते त्यांना कौतुकच वाटलं. "मंग! भारीच हाये तो."

मी महिनाभर या विषयावर वाचत होतो, त्यामुळे बोललो. कोपऱ्यात ठेवला की दोन्ही भिंती बास, म्हणजे तो खालचा घुमणारा आवाज, वाढवतात, दोन हात पुढे ओढला तरी फरक पडेल, मागे एक बटण आहे ते थोडं कमी करा. बटणाला त्यांनी हो म्हटलं. जागेचं ऐकून मात्र चेहराच उतरला.

"काय सांगून राहिले जी! नैऋत्य कोपरा हाये तो. जड वस्तू तिथंच पाह्यजे. आमच्या वास्तुवाल्यांनी दाखवून देल्ली जागा. तुमाले सांगतो, वीस किलोचा डबा हाये!"

ज्या माणसानं आयुष्यभर कालव्यांचे उतार काढले तो पेटी ठेवायला मोबाइलवर होकायंत्र उघडतो, यावर मला बरंच काही बोलता आलं असतं. तांदळाची पिशवी आठवून मी गप्प राहिलो.

बटण दोन दिवस खाली राहिलं. मग ते "गाण्यात जीव नाही वाटून राह्यला" म्हणून परत वर गेलं. मी जाड रबराची चटई आणून दिली, व्यायामशाळेत टाकतात तसली. पेटीखाली ठेवली की कंप जमिनीत कमी उतरतो, असं समजावलंही. आठवड्यानं वर गेलो तर ती न्हाणीघराच्या दाराशी. वहिनी खूश होत्या. "लय कामाची देल्ली भाऊजी. यायचा पाय घसरे न रोज." सोसायटीच्या सचिवांना विचारलं. ते म्हणाले, भजनच आहे न, डीजे तर नाही.

जानेवारीच्या मध्यावर बायको क्लासहून आली आणि पर्स न काढताच खुर्चीवर बसली. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, तुमचा सा खाली का जातोय? आधी तर नव्हतं असं.

"मी फॉर्म मागे घेते," ती म्हणाली.

"अगं, महिना आहे अजून."

"महिनाभर अजून चुकीचा सा घोटू? घसरण पक्की होईल." ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती हिशेबी सुरात बोलत होती, गॅस सिलिंडरचा नंबर लावल्यासारखी.

मी उठलो आणि वर गेलो. जिन्यात ठरवलं ते आजही आठवून मला लाज वाटते. ध्वनिशास्त्र हरलं होतं. मग त्यांच्याच शास्त्रात जायचं.

"एक विचारतो," मी म्हणालो. "नैऋत्येला जड वस्तू का ठेवतात?"

"जड पाह्यजे म्हून."

"स्थिर पाहिजे म्हणून. जडपणा हा स्थिरतेसाठी. आणि तुमची ही पेटी," मी तिच्यावर तळहात ठेवला, "वजनानं जड आहे, पण दीड तास थरथरते. घराचा सगळ्यात स्थिर कोपरा तुम्ही रोज सकाळी हलवता."

त्यांनीही पेटीवर तळहात ठेवला. बोलल्या त्या वहिनी, स्वयंपाकघरातून. "मी म्हणतच होती बाप्पा! तो डबा घरात आला तवापासून यायचे गुडघे दुखून राहिले. काहून दुखते, काहून दुखते, हे घ्या आता!"

गुडघ्यांचा मी विचारही केला नव्हता. पण मी मान हलवली.

चौथ्या दिवशी सकाळी बायकोच्या खोलीत ठोका आला नाही. आला, पण चिमूटभर. कुठून तरी लांबून. तिनं खर्ज लावला आणि तो राहिला. मी स्वयंपाकघरात चहा हातात धरून ऐकत उभा होतो. सरळ, रुंद, कुठेही न घसरणारा सा. चहा पिऊन मी पेपर घेतला, माझ्या खोलीत गेलो, आणि टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात वर्तुळं उठताना दिसली.

जिन्यात गृहस्थ भेटले तेव्हा उलगडा झाला. वास्तुवाल्यांना त्यांनी फोन केला होता. तिकडून उत्तर आलं की बरोबर आहे, हलणाऱ्या वस्तूची जागा वायव्य. "आन म्हणे, हे ज्यानं सांगतलं तो माणूस जाणकार हाये. तुमी बोलत नाही न, म्हून माहीत नव्हतं कोणाले!" गुडघेही कमी दुखत होते.

बायकोला मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "परीक्षेपर्यंत तरी कुणाला खरं सांगू नका." माझ्या खोलीबद्दल तिनं एक शब्द काढला नाही.

मी काय सांगणार? पण ते गृहस्थ सांगत सुटले होते. पुढच्या रविवारी सकाळी ते दुसऱ्या मजल्यावरच्या नवरा-बायकोला घेऊनच आले. तरुण, शिकलेली जोडी, दोघांच्या हातात मोबाइल. घरात आल्यापासून भांडणं वाढली होती, फ्रिज चुकीच्या दिशेला आहे का, असं त्यांना विचारायचं होतं.

"सांगा न सर," गृहस्थ म्हणाले. "लाजू नका."

हे सगळं थोतांड आहे, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. गेली चाळीस वर्षं ते मी कुठेही, कोणालाही, फुकट ऐकवत आलो आहे. ते ऐकलं असतं तर गृहस्थांनी दुपारच्या आत पेटी पुन्हा नैऋत्येला नेली असती. आतल्या खोलीत तंबोरा चालू होता आणि तिनं नुकताच सा धरला होता.

मी चष्मा लावला, त्या मुलाचा मोबाइल हातात घेतला, होकायंत्राचा काटा थांबण्याची वाट पाहिली आणि विचारलं, "फ्रिजचं दार कुठल्या बाजूला उघडतं?"