आत्याकडचं नागलीचं बी

आमच्या घरात बायका मरता मरत नाहीत आणि पुरुष टिकत नाहीत. आजोबा, वडील, दोघेही केस पिकायच्या आत गेले. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, मात्र खोडाळ्याला अजून सुपाने नागली पाखडते. वय विचारलं की खेकसते, "मरण वाट चुकलंय माझी. तुला कसली घाई?"

आमच्याकडे लेक सासरी निघाली की तिच्यासोबत माहेरच्या नागलीचं बी देतात. ती ते दरसाल पेरून जिवंत ठेवते. माहेरचं बी कधी वाया गेलं, तर लेकीकडून परत आणायचं. आत्या ते राख लावून वाळक्या भोपळ्यात ठेवायची. मी पडले जव्हारला नोकरदाराच्या घरात, ना शेत ना बांध.

माझा धाकटा भाऊ एकटा जीव, लग्न केलं नाही, आणि बी राखायचा महाकंटाळा. पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळून राब भाजून झाला की हा आत्याच्या दारात हजर. "आत्ये, बी दे गं, नाहीतर तुझं माहेर उपाशी मरतंय!" आत्या शिव्या घालायची आणि ओंजळी भरभरून द्यायची. ते बघायला मी मुद्दाम जीप धरून खोडाळ्याला जायची.

गेल्या पावसाळ्यात आत्याला डोळे दाखवायला जव्हारला आणलं. भाऊ सोबत होता. दवाखान्याचा जिना चढून त्यालाच धाप लागली, आत्याला नाही. डॉक्टरीणबाई थक्क झाल्या. मी आमच्या घरची रडकथा सांगितली. त्या म्हणाल्या, दीर्घायुष्य थोडं रक्तातून येतं, बाकीचं खाणं, कष्ट, व्यसनं. बाईकडे एक्स गुणसूत्रं दोन, पुरुषाकडे एकच. एकावरचं जनुक बिघडलं तर बाईचं दुसरं कधीकधी सांभाळून घेतं. काही जनुकं बाईचं आयुष्य वाढवत असतील आणि पुरुषाला त्यांचा तेवढा उपयोग होत नसेल, असंही असू शकतं. नक्की अजून कुणी सांगू शकत नाही. मग भावाकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही मात्र हृदय तपासून घ्या."

"माझ्यातलं थोडं याला देता येईल का हो?" मी विचारलं. खुळा प्रश्न, पण मनापासून. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

भाऊ हसला. "ठेव तुझं तुलाच. कापणी झाली की जातो तपासायला."

कापणी त्याने पाहिलीच नाही. उभ्या नागलीत कोसळला. गावकऱ्यांनी जीपमध्ये घातला, पण दवाखाना येईस्तोवर सगळं संपलं होतं. मेल्या, एक दिवस काढता आला नाही तुला? अजून राग येतो, आणि राग आला की रडू येतं.

यंदा माहेरचा राब कुणी भाजला नाही. तरी मी खोडाळ्याला गेले. आत्या भोपळा मांडीवर घेऊन दारात बसली होती, रस्त्याकडे बघत. मी जवळ गेले तसा तिने भोपळा माझ्या पदरात ठेवला.

"आता तू ने. तू पुष्कळ जगशील."

"मी कुठं पेरू गं?"

"कुंडीत पेर. पण जिवंत ठेव."

आता गॅलरीत कुंडीभर नागली उगवली आहे. शेजारीण विचारते, हे कसलं गवत लावलंत? मी रोज पाणी घालते. मी जगेन, माझ्या रक्तातच आहे म्हणे. बीही जगेल. पण मागायला कोण येणार? एकदा तरी दारात उभा राहून म्हण रे, "ताई, बी दे गं."