कंडक्टरचं इंजिन

रेणापूरजवळच्या एका गावात वैजनाथ कंडक्टर राहतो. हयात एसटीत गेली आणि त्यातून त्याची एक खात्री झाली, की इंजिनातलं आपल्याला ड्रायव्हरपेक्षा जास्त कळतं. ड्रायव्हर रस्ता बघतो, कंडक्टर इंजिन ऐकतो. जन्मात पान्हा हातात धरला नव्हता, पण तेवढ्यानं त्याचं काही अडत नव्हतं.

निवृत्तीनंतर त्यानं गावाला सल्ले वाटले. विहिरीची मोटार, शेजारणीचे गुडघे, सोयाबीनवरची अळी, कशालाच नाही म्हटलं नाही. गाव त्याला बघून गल्ली बदलू लागलं, तेव्हा त्याची नजर गोठ्यातल्या ट्रॅक्टरवर गेली. वडिलांच्या काळातला, सीटखाली कोंबड्या अंडी घालायच्या. पारावर त्यानं जाहीर केलं, "औंदा पोळ्याच्या मिरवणुकीत हा पुढं राहील. इंजिन मी स्वतः बांधणार हाव."

"घरातला पंखा कवाचा कुरकुरून राहिला, त्याचं बघा की," बायको सिद्धम्मा म्हणाली. ती उदगीरकडची, जिभेनं तिखट.

"पंख्यात काय हाय? ते वायरमनचं काम."

गुरू मोबाइलमधला. व्हिडिओ पंजाबीत; शब्द कळायचा नाही, पण वैजनाथ मान डोलवायचा. इंजिन उघडलं, अंगणभर पसरलं. पिस्टन सिद्धम्माच्या परातीत डिझेलनं धुतले आणि पुढं कितीतरी दिवस घरच्या भाकरीला ट्रॅक्टरचा वास येत राहिला. पिस्टनला दुसऱ्या रिंगा आणायला तो नांदेडच्या भंगार बाजारात गेला. दुकानदारानं विचारलं, "कोणतं मॉडेल?"

"लाल."

"लाल तर समदेच हायत, काका."

परत येऊन जुना पिस्टन पिशवीत घालून पुन्हा जावं लागलं.

फाट्यावरच्या गॅरेजवाल्या शंकरप्पानं आपणहून सांगितलं होतं, "मामा, इंजिनावरचं हेड बसवताना बोलवा. बोल्ट आवळायचा क्रम असतो."

"आवळायला क्रम कशाला? जोर लागतो," वैजनाथ म्हणाला. त्यानं जोर लावला, हेडखालचं गॅस्केट फाटलं, हेड पुन्हा काढावं लागलं. सगळं बंद केल्यावर एक स्प्रिंग आणि काही वायसर उरले. सिद्धम्मानं ते हातावर घेऊन दाखवले. "कंपनी जास्तीचेच देती," तो म्हणाला.

पोळ्याच्या दिवशी ट्रॅक्टर धुतला, सायलेन्सरला झेंडूची माळ घातली. बॅटरी मात्र कण्हून गप्प झाली. गोठा उंचावर, ट्रॅक्टरचं तोंड भिंतीकडं.

"आधी वळवून घेऊ," शंकरप्पा म्हणाला.

"टाइम न्हाई. गिअरमंदी हाय, ढकला मागं."

पोरांनी ढकललं. ट्रॅक्टर उतारावरून मागं येत रस्त्याला वळला, तसा वैजनाथनं क्लच सोडला आणि इंजिन धडधडून सुरू झालं. शिट्ट्या वाजल्या. वैजनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. पण धूर सायलेन्सरमधून येईना. तो पुढच्या एअर फिल्टरमधून निघाला, काळं ऑइल घेऊन, आणि थेट सरपंचबाईंच्या पतीच्या कडक इस्त्रीवर बसला. सरपंचकी त्या इस्त्रीवरच चालत होती. इकडं सायलेन्सर झेंडूच्या पाकळ्या आत ओढू लागला.

डिझेल इंजिनाची ही खोडच असते. पुढच्या गिअरमध्ये मागं ढकलून उलटं फिरवलं, की कधीकधी उलटंच सुरू होतं.

"बंद करा मामा," शंकरप्पा ओरडला. "उलटं फिरून राहिलं. ऑइल वर चढायचं न्हाई, जाम होईल."

वैजनाथला ते ऐकू आलं. कळलंही. इंजिनातलं काही खरोखर कळण्याची ही त्याची पहिलीच वेळ. पण सगळं गाव बघत होतं. त्यानं पहिला गिअर टाकला, तर ट्रॅक्टर मागं जाऊन मिरवणुकीच्या बैलांवर चालला. मग त्यानं रिव्हर्स टाकला आणि ट्रॅक्टर मुकाट पुढं निघाला. वैजनाथ मान ताठ करून बसला. पुढं हलगी, मागं खोकणारं गाव. मारुतीच्या देवळासमोर इंजिनानं एकदा किंचाळून जीव सोडला, आणि सजवलेले बैल बाजूनं पुढं निघून गेले.

काही दिवस तो घराबाहेर पडला नाही. मग त्यानं इंजिन पुन्हा उघडलं. बेअरिंगा वितळून क्रँकच्या दांड्याला चिकटल्या होत्या. क्रँक पोत्यात घालून तो शंकरप्पाकडं गेला.

"ऐकलं होतं मी तुझं," तो म्हणाला. "तरी बंद केलं न्हाई."

शंकरप्पानं पोतं उघडून बघितलं. "हाव. मी बघितलं ना तुमचं तोंड." त्यानं रॉकेलचा डबा आणि ब्रश पुढं सरकवला. "बसा. आधी हे धुवा."

तेव्हापासून वैजनाथ रोज गॅरेजवर जातो. भाग धुतो, पान्ह्यांचे नंबर शिकतो, आणि गिऱ्हाइकांना सल्ले देतो, म्हणून शंकरप्पा रेडिओ मोठ्यानं लावून ठेवतो. ट्रॅक्टर अजून उघडाच आहे. सिद्धम्माला विचारलं तर ती म्हणते, "ऱ्हाऊ दे की तसाच आयुष्यभर. दिवसभर घर कसं शांत ऱ्हातंय."