लांबून आवाज धरणारा माईक

मी नांदेडला लग्नांचं शूटिंग करतो. आमच्या धंद्यात आवाजाला किंमत नाही. हळद असो की वरात, कॅमेऱ्यात आलेला आवाज मिक्सिंगच्या वेळी बंद करायचा आणि वरून सिनेमाचं गाणं टाकायचं, अशी रीतच पडली आहे. गिऱ्हाईकालाही तेच हवं असतं. पेनड्राइव्ह दिला की आम्ही मूळ कार्ड पुसून दुसऱ्या लग्नाला मोकळे.

लातूरला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी मी नात्यातल्या लग्नांचे सगळे व्हिडिओ काढून बसलो. हळदीची गाणी म्हणावीत तर आक्कानंच. भाच्यांच्या लग्नात, हदगावच्या मावशीकडं, सगळीकडं ती जात्यापाशी बसलेली दिसत होती. मान कललेली, तोंड उघडलेलं, बाकीच्या बाया तिच्यामागून सूर ओढताहेत. आणि आवाज कुठल्या तरी सिनेमातल्या बाईचा. तो मीच टाकलेला. आक्काच्या गाण्याचा एक शब्द माझ्याजवळ नव्हता.

ऑपरेशनला थोडा अवकाश होता. दाजींचा फोन आला. "लवकर या. पोरी म्हणून राहिल्यात, मामाला म्हणा आईचं गाणं भरून ठेवा. आवाज लई बसत चाललाय."

येतो म्हणालो. पण कॅमेऱ्याचा माईक पंख्यापासून रस्त्यापर्यंत सगळंच गोळा करतो, तेव्हा समोरचाच आवाज धरणारा चांगला गन माईक घेऊनच जाऊ, असं ठरवलं. मग रोज मोबाईलवर माईकचे व्हिडिओ बघत बसलो. आखूड नळीचा घ्यावा की लांब? लांब नळी समोरचं नेमकं धरते, बाजूचं सोडते, पण कॅमेऱ्यावर जड होते. बॅटरीवाला बरा की कॅमेऱ्यावरच चालणारा? एक पसंत पडला की दुसरा दिसायचा.

बायको म्हणाली, "माईक निवडायलात का जायचं टाळायलात?"

मी तिच्यावर खेकसलो. तिनं बरोबर ओळखलं होतं. माईक ठरत नव्हता तोवर मला लातूरला जावं लागत नव्हतं. सुजलेला तो गळा मला बघायचा नव्हता.

शेवटी दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा. "हळदीला माईक? डीजेपुढं धरणार असाल तर सोबत कानाचा डॉक्टर पण ठेवा."

"घरात गाणं घ्यायचंय. एकटीचं."

"मग गन माईक कशाला? बारक्या खोलीत भिंतींचाच आवाज घुमतो. कॉलर माईक न्या. गळ्यापाशी चिमटा लावला की झालं."

गळ्यापाशी म्हटल्यावर माझा हात आखडला. कॉलर माईकला पदर घासतो, असं काहीतरी बोललो आणि लांब नळीचा गन माईकच घेतला. तो लांबून चालतो, एवढं एकच मला त्यात आवडलं होतं.

लातूरला आक्का खाटेवर बसून होती. मी पंखा बंद करून कॅमेरा पार दारात उभा केला. इतक्या वर्षांच्या धंद्यात कानाला हेडफोन पहिल्यांदाच लावला. आत तिचा श्वास घासत येत होता.

"एवढ्या लांब का रं? मी काय वरात हाय?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "जवळ ये की."

"आक्का, हा माईक लांबूनच धरतो."

"लई शाना माईक हाय मग."

तिनं हळदीचं गाणं धरलं. दोन ओळी कशाबशा आल्या. तिसरीला आवाज फाटला आणि खोकल्याची उबळ आली. पाणी पिऊन तिनं पुन्हा तोंड उघडलं, तर नुसती हवा. थोरल्या भाचीनं तिची पाठ चोळली.

"आलं का?" आक्कानं विचारलं.

"आलं."

"खोटारडा." ती हसली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आदीच आला असतास तर समदं म्हनलं असतं बघ."

ऑपरेशन झाल्यावर भेटायला गेलो, तेव्हा तिच्या गळ्याला भोक आणि त्यात नळी होती. तिनं हातानं खूण केली, दाखव. मी मोबाईलवर ते गाणं लावलं, आवाज पूर्ण मोठा केला. भाच्या तिच्या खांद्यावरून वाकल्या. पहिल्या दोन ओळी आल्या, विहिरीतून आल्यासारख्या घुमत, दुकानदार म्हणाला होता तशा. मग खोकला सुरू झाला. आक्कानं तो ऐकला. मोबाईल माझ्या हातातून घेतला, कडेचं बटण चाचपलं आणि आवाज पार बंद केला. मग व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला आणि स्वतःचं हलणारं तोंड बघत बसली.