गव्हावर गहू

पोळी मोडताना आवाज येत नाही, हे मला आई गेल्यावर कळलं. माझ्या पोळ्यांचा यायचा. बाबा ताटावर वाकून घास तोडायचे आणि पोळीची कड कट्‌कन मोडायची. मग तो तुकडा ते आमटीत बुडवून ठेवायचे आणि भिजेपर्यंत नुसती भाजी खायचे. मी माझ्या ताटाकडे बघत बसायचे. त्याबद्दल दोघंही काही बोलायचो नाही.

दादरच्या दोन खोल्या सोडून आम्ही वाशीला राहायला आलो, त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. चार मजल्यांची बिल्डिंग आणि अर्ध्या दारांना कुलपं. समोर मोकळे प्लॉट, त्यांच्या पलीकडे खाडी. वारा इतका की दारं आपटू नयेत म्हणून आईनं प्रत्येक कडीला जुन्या साडीची चिंधी बांधून ठेवली होती. ती तीन आठवडे आजारी होती आणि मग नव्हती. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. आईनं शेवटचं दळून आणलेलं पीठ त्या पाहुण्यांत संपलं. सगळ्यांत शेवटी आत्या निघाली. रिक्षात बसता बसता म्हणाली, "आता बाबांचं खाणंपिणं तुझ्याकडे हं."

मी अठरा वर्षांची होते. शाळा सगळी इंग्रजीतून झाली, आणि शाळेच्या आवारात मराठी बोललेलं चालत नसे. होम सायन्सच्या तासाला व्हाइट सॉस आणि स्पंज केक शिकवला होता, पोळी नव्हती. आईनंही शिकवली नाही. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसायचे आणि ती लाटायची. गोळा, थोडं लाटून तेलाचं बोट, चिमूटभर पीठ, घडी, पुन्हा तेल, पुन्हा घडी. हजार वेळा बघितलं होतं, त्यामुळे मला वाटायचं, आपल्याला येतं.

बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात होते. सकाळी सातला कंपनीच्या बसनं जायचे, संध्याकाळी साडेसहाला यायचे. मी कॉलेजातून दोनला घरी यायचे. दोन ते साडेसहा मी कोणाशी एक शब्दही बोलायचे नाही. बाबा आल्यावर "चहा ठेवू?" म्हणायला तोंड उघडलं की आवाज घोगरा यायचा आणि मला घसा साफ करायला लागायचा. मग आठला जेवण. बाबा विचारायचे, "कॉलेज?" मी म्हणायचे, "ठीक." ते म्हणायचे, "हं." दुसऱ्या कोणी ऐकलं असतं तर हसलं असतं. पण मी दिवसभर त्याच्यासाठी थांबलेली असायचे.

पाऊस संपल्यावर बाबांची दाढ दुखायला लागली. एका शनिवारी रेडिओकडे बघत ते म्हणाले, "पलीकडच्या सेक्टरमध्ये एका बाईंची खानावळ आहे. आमच्याकडचे काहीजण जातात. सोमवारपासून रात्रीचं तिथंच जेवून येत जाईन म्हणतो."

"का?"

"तुझी परीक्षा आहे. उगाच दगदग."

परीक्षा चार महिन्यांवर होती.

"बरं," मी म्हटलं.

सोमवारी ते आले, चहा प्यायले, शर्ट बदलून साडेसातला बाहेर पडले. मी ओट्यापाशी उभी राहूनच दहीभात खाल्ला. ताट घ्यावंसं वाटलं नाही. साडेआठला ते परत आले, रेडिओ लावला आणि झोपायच्या वेळेपर्यंत तोच बोलत राहिला. त्या आठवड्यात बाबांचा आणि माझा मिळून जो संवाद झाला, तो मला अजूनही पाठ म्हणून दाखवता येईल.

त्यांनी पोळ्यांचं नाव काढलं नव्हतं. पण कारण पोळ्याच आहेत, याची मला खात्री होती. पोळ्या मऊ झाल्या तर ते घरी जेवतील, नाहीतर नाही. दुसरं काही मला सुचतच नव्हतं.

समोरच्या काकूंच्या दारापर्यंत मी दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा बेल वाजवली.

"अगं, त्यात काय एवढं!" काकू म्हणाल्या. "कोमट पाण्यात भिजव. चमचाभर दूध घाल. तेलाला हात आखडू नकोस. तासभर झाकून ठेव. आणि गॅस मोठा ठेव, पोळी तव्यावर रेंगाळली की संपली." मग दार लावता लावता, "तुझ्या आईच्या काय असायच्या गं पोळ्या! रुमालासारख्या."

मी सगळं केलं. दूध घातलं, तेल घातलं, कणीक तासभर मुरू दिली. पोळ्या चाळणीवर टाकून वाफ गेल्यावर फडक्यात गुंडाळल्या. तरी लाटतानाच कडा फाटायच्या. तव्यावर एखादा फुगवटा यायचा आणि तिथंच थांबायचा. गार झाल्या की पुन्हा तेच, कट्‌कन. एकटीच्या जेवणासाठी मी रोज चार पोळ्या करून बघत होते आणि दोन खाली गुरख्याच्या कुत्रीला देत होते. ती खायची, पण पुढच्या दोन पायांत धरून. कॉलेजच्या बसमध्ये मी आपल्या हातांकडे बघत बसायचे. दोष त्यांच्यातच असणार असं वाटायचं.

पीठ दर पंधरवड्याला दळून आणायला लागायचं. दोनच माणसं, म्हणून दोनच किलो. सगळ्या कामांत मला गिरणीचं काम नकोसं वाटायचं. दुकानांच्या ओळीत शेवटचा गाळा होता. पट्ट्याचा धडधडाट, हवेत पीठ आणि ओरडून बोलणाऱ्या बायका. जवळच्या जुन्या गावातल्या बायका डोक्यावर तांदूळ घेऊन यायच्या, त्यांच्याकडे भाकरी तांदळाची. रांग माणसांची नसायची, डब्यांची असायची, आणि माझा डबा हळूहळू मागे सरकायचा. गिरणीवाला मानेनंच "काय?" विचारायचा. मी झाकण उघडून गहू दाखवायचे. तो डबा घ्यायचा. बोलायला लागत नाही, हीच त्यातली मला एक सोय वाटायची. डबा ठेवून मी बाहेर रस्त्यापलीकडे उभी राहायचे आणि अर्ध्या तासानं घेऊन जायचे.

खानावळीचा दुसरा आठवडा संपत आला, त्या शनिवारी बाहेर रस्ता खणून ठेवला होता. उभं राहायला जागा नव्हती, म्हणून मी आतच भिंतीला टेकून थांबले. शेजारी गावातली एक बाई होती. चाळिशीची असेल. हातभर हिरव्या बांगड्या, अंबाड्यात पिवळं फूल. तिचे तांदूळ दळून झाले होते आणि ती पिठाचा डबा हलवून हलवून दाबून बसवत होती. एकदम तिनं मला कोपरानं ढोसलं.

"ए बाय, तो डबा तुजा ना?"

मी मान हलवली.

"मंग गप काय उबी हाय? तुजा गहू माज्या तांदलावर टाकतोय बग तो. माजं पीठ चक्कीत ऱ्हायलंय, ते सगलं तुज्यात येल. चपात्या कशा व्हनार तुज्या? पापड व्हतील पापड!"

"चालेल," मी म्हटलं.

"चालंल? कुनाला चालंल? घरात खानारा कोन हाय?"

"बाबा."

"आन आय?"

मी डब्यांच्या रांगेकडे बघायला लागले. तिनं माझ्याकडे नीट बघितलं. पण तिचा आवाज काही मऊ झाला नाही. "बोल त्याला. गव्हावर टाक म्हनावं. मी नाय बोलनार तुज्यासाठी. तोंड हाय ना तुला?"

गिरणीवाल्यानं माझा डबा उचललाच होता. मी म्हटलं, "गव्हावर टाका." मला स्वतःलाच ऐकू आलं नाही.

"जोरात!" बाई म्हणाली.

"गव्हावर टाका!"

त्याच क्षणी कोणीतरी पट्टा सरकवला, धडधड थांबली आणि माझं ओरडणं गाळाभर ऐकू गेलं. सगळ्या बायका वळल्या. गिरणीवाल्याच्या भुवयांवर पीठ होतं, त्या त्यानं वर केल्या.

"अरे, ताईला आवाज हाय! मला वाटलं मुकी हाय बिचारी."

बायका हसल्या. माझे कान तापले. त्यानं डबा परत खाली ठेवला. "तुमच्या आई यायच्या ना, दोन-दोनदा बजावायच्या मला. गव्हावर टाक, बारीक काढ. इथंच बसून राहायच्या, माझ्यावर भरोसा नाय म्हणून. तुमी काय बोलला नाय. मी म्हटलं, तुमाला कसंपण चालतं."

आई गिरणीतून परतायची तेव्हा तिच्या केसांवर पीठ असायचं आणि एक तास गेलेला असायचा. ती तिथं गप्पा मारत बसते, अशी माझी समजूत होती. मी तिला तसं म्हटलंही होतं एकदा, "तुला काय बाई, गिरणीतसुद्धा मैत्रिणी." ती हसली होती.

कोणाचे तरी दहा किलो गहू व्हायचे होते. त्यांच्यामागे माझा डबा लागला. मी पाऊण तास थांबले, आतच. गावातली बाई डबा डोक्यावर घेऊन निघाली. पायरीवरून म्हणाली, "आता व्हतील नीट. नाय झाल्या तर भाकरी शिकाया ये माज्याकडं." कुठं राहता, ते मी विचारलं नाही. नंतर गिरणीत मी तिला बरेचदा शोधलं. मी दळायला जायचे त्या वारी ती पुन्हा कधी दिसली नाही.

घरी येऊन डब्यात हात घातला. पीठ अजून कोमट होतं, आणि मऊ. आधीच्या पिठात बोटांना जे खरखरीत लागायचं, ते पिठाचं अंगच असतं असं मला वाटत आलं होतं. कणीक भिजवली तर ती ताणली, तुटली नाही. पहिली पोळी तव्यावर टाकली, उलटली, आणि ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत टम्म फुगली. मी घाबरून एक पाऊल मागे सरले. खाली उतरवून मोडून बघितली. आवाज नाही, आत पापुद्रे सुटलेले. पाच वाजले होते. सांगायला घरात कोणी नव्हतं. समोरच्या काकूंकडे जावंसं वाटलं, पण गेले नाही. सहा पोळ्या केल्या, फडक्यात ठेवल्या आणि डब्यापाशी बसून राहिले.

साडेसातला बाबांनी शर्ट बदलला. त्यांचा एक पाय चपलेत गेल्यावर मी म्हटलं, "आज घरीच जेवता का? पोळ्या केल्यात."

त्यांनी पोळ्यांच्या डब्याकडे बघितलं. मग चपलेतून पाय काढला.

त्यांनी एका हातानं घास तोडला. आवाज आला नाही. पहिली पोळी संपली. दुसरी मी न विचारता वाढली. ती निम्मी झाल्यावर म्हणाले, "गव्हावर दळून आणलंस."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तांदळाची कणी दाताखाली येतेच. लहानपणी दळण घेऊन मीच जायचो."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी बराच वेळ घासाची घडी केली. "तुला वाटलं असतं, नावं ठेवतोय. आधीच तू..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. "आणि गिरणीत बोलणं तुला आवडत नाही, ठाऊक आहे मला. मला तरी कुठं आवडतं."

मला वाटलं, झालं. पण दुसऱ्या दिवशी साडेसातला त्यांनी पुन्हा शर्ट बदलला.

"त्या बाई पान मांडून ठेवतात," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "एकदम कसं बंद करायचं?"

"त्यांना सांगा ना."

"सांगतो."

त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खानावळीत जेवून यायचे आणि घरी माझ्यासमोर बसून पुन्हा एक पोळी खायचे, हळूहळू, पोट भरलेला माणूस खातो तशी. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर सोडा घेतला. चौथ्या दिवशी ते निघाले तेव्हा मीही चपला घातल्या आणि म्हटलं, "चला."

मोकळ्या प्लॉटमधल्या पायवाटेनं आम्ही गेलो. मी पुढे, बाबा दोन पावलं मागे. खानावळ तळमजल्यावर होती. पाट मांडलेले, दोघं-तिघं जेवत होते. खानावळीच्या बाई हातात चपात्यांचा डबा घेऊन दारात आल्या. मी घसा साफ केला.

"काकू, उद्यापासून बाबा घरी जेवतील."

"का हो?" त्या माझ्या डोक्यावरून बाबांकडे बघत म्हणाल्या. "आमच्या चपात्या वातड झाल्या का?"

बाबा पायाखालच्या फरशीकडे बघत होते.

"तसं नाही," मी म्हटलं. "चांगल्याच असतात. पण आता मी करते."

"बरं झालं बाई. अजून वाढू का विचारलं की नुसती मान हलवतात. हो की नाही, काही कळायचंच नाही मला. आज तरी जेवणार ना? पान वाढलंय."

ते जेवले. मी बाहेर पायरीवर बसले. त्यांचं होईपर्यंत थांबले आणि त्याच पायवाटेनं दोघं परत आलो. घरी आल्यावर त्यांनी रेडिओ लावला नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी दोनला घरी आले. दोन ते साडेसहाची वेळ तशीच गेली, त्यात कोणी आलं नाही. वारा होता, कडीची चिंधी सुटली होती, ती परत बांधली. सहाला कणीक भिजवून झाकून ठेवली. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबल्याचा आवाज आला तेव्हा मी ओट्यापाशी उभी राहून दोनदा खाकरले आणि घसा साफ करून ठेवला.