श्रावण पाळणारा विलास

विलास गेल्याचं त्याच्या मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी अंधेरीत मेट्रोच्या जिन्यावर उभा होतो. “काका, बाबा सकाळी गेले,” एवढंच ती म्हणाली. लिव्हर निकामी झालं होतं. दुपारपर्यंत जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले. “विलास? दारूने? काय सांगतोस!” त्या आश्चर्याचा न बोललेला अर्धा भाग असा होता की, दारूने जायचंच तर तू जायला हवा होतास. मला राग आला नाही. मलाही तसंच वाटत होतं.

आम्ही दोघं अंधेरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात वीस-बावीस वर्षं मोजमापाची उपकरणं तपासायचो. विलासचं टेबल बघून लोक आपलं टेबल आवरायला घ्यायचे. कंपनीने एकदा स्वभाव ओळखायचं प्रशिक्षण ठेवलं. फॉर्म भरून घेऊन तिथल्या बाईंनी विलासला शिस्तप्रिय आणि संयमी ठरवलं, मला उतावळा आणि बेफिकीर. दोन्ही खरं होतं, आणि आम्ही प्यायचोही तसेच. माझं पिणं शनिवारचं, पण गाव गोळा करून. गाणी, भांडणं, मग रडारड... एकदा मुलुंडला त्याच्याच सोसायटीच्या गेटाशी आडवा झालो. त्याने उचलून घरात नेलं, लिंबूपाणी पाजलं आणि म्हणाला, “अन्या, लिमिटमध्ये पी रे. वाट लागेल तुझी.” तो स्वतः रोज प्यायचा. संध्याकाळी आंघोळ करून, बातम्या बघत, स्टीलच्या पेल्यातून. त्याचा आवाज कधी चढला नाही.

शिवाय तो श्रावण पाळायचा. आमच्या कोकणातल्या माणसांत ही मोठी परीक्षा असते. गटारीला हवी तेवढी घ्या, पण दुसऱ्या दिवसापासून महिनाभर थेंब नाही. ज्याला हे जमतं तो दारुडा नव्हे, असा आमचा सरळ हिशेब. विलास दरवर्षी पास. मी पहिल्याच शनिवारी नापास व्हायचो आणि सगळ्यांच्या शिव्या खायचो.

त्या शिव्यांनीच मला वाचवलं. पुढे माझंही रोजचं झालं, बायको माहेरी गेली, साहेबांनी बोलावून घेतलं, शेवटी भावाने आणि विलासने धरून व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. तिथले समुपदेशक एकदा म्हणाले होते, “गोंधळ घालणारे लवकर सापडतात हो. शिस्तीत पिणारे आमच्याकडे येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो.” मी मान डोलावली. गंमत अशी की, दर रविवारी मला भेटायला डबा घेऊन येणारा विलास तेव्हा माझ्या मनातही आला नाही. माझी सुटली, त्याची चालू राहिली.

तीन वर्षांपूर्वी, त्याच्या मुलीच्या साखरपुड्यात, सुनंदावहिनींनी मला बाजूला घेतलं. “भावोजी, तुम्ही यातून गेलात म्हणून विचारते. ह्यांचं जास्त होतंय का हो?” मी हसलो. “वहिनी, श्रावण पाळतो ना तो? मग कसली काळजी करता?” त्यांचा चेहरा सैल झाला. पाहुणे खोळंबले होते, त्या पुढे गेल्या.

गेल्या आठवड्यात मुलुंडला गेलो. वहिनी शांत होत्या. विलासच्या जुन्या गोष्टी निघाल्या आणि मी, सवयीने, त्याच्या श्रावणाचं कौतुक केलं. त्यावर त्या म्हणाल्या,

“सुरुवातीचे चार दिवस हे रजा टाकायचे, आठवतं ना?” आठवत होतं. देवासाठी रजा घेतो म्हणून आम्ही त्याला भटजीबुवा म्हणायचो. “हात इतके कापायचे की मी भरवायचे. घामाने चादर भिजायची, झोप नाही. मला वाटायचं, उपासाने पित्त होतं. साखरपुड्याला तुम्हाला हेच सांगणार होते... तुम्ही हसलात, मग राहून गेलं.”

केंद्रात दारू तुटल्यावर माझे पहिले चार दिवस असेच गेले होते. त्या कापणाऱ्या हातांचा अर्थ त्या सबंध हॉलमध्ये मला एकट्याला कळला असता. मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

“वहिनी, माझं चुकलं,” मी म्हणालो.

असं म्हटल्यावर समोरचा माणूस, नाही हो, तुमची काय चूक, असं म्हणतो. वहिनी तसं म्हणाल्या नाहीत. उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.